उपकार कोणाचे? : जात्यावरची मावळी ओवी आणि नित्यकर्मातील आनंद

१

स्त्रियांच्या मौखिक रचनांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात ‘समाधान’ हा शब्द वारंवार भेटतो. पहाटे उठून दळणारी स्त्री ओवी गाते, म्हणून ती समाधानी असली पाहिजे. ती समाधानी आहे, म्हणून तिच्या कष्टांना सौंदर्य प्राप्त होते. आणि हे सौंदर्य आपल्या संस्कृतीचे वैभव आहे, अशी ही अनुमानांची साखळी आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’ या संग्रहातील विवेचन मातृत्व, बंधुप्रेम आणि त्याग यांविषयीच्या आदरभावाने भारलेले आहे. गुरुजींच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्यानंतर पाठ्यपुस्तकांतून आणि समारंभांतील भाषणांतून हा आदरभाव जसजसा पातळ होत गेला, तसतसे ओवी हे ‘रोजच्या कामात आनंद मानावा’ या उपदेशाचे उदाहरण होऊन बसले.

दुसरी भूमिका १९७५ नंतरच्या स्त्रीवादी विचारातून पुढे आली. तिने ओवीतील सासुरवास, सीतेचा वनवास, मुलीच्या जन्माविषयीची खंत या आशयसूत्रांकडे लक्ष वेधले आणि ओवी हा दबलेल्या स्त्रीचा स्वतःचा स्वर आहे असे मांडले. डॉ. तारा भवाळकर यांनी ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’मध्ये या परंपरेकडे पाहण्याची जी दृष्टी दिली तिचे ऋण आजच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे. मात्र या दृष्टीचाही पुढे साचा बनला. तक्रारीची ओवी तेवढी खरी आणि आनंदाची ओवी ही पुरुषप्रधान व्यवस्थेने वदवून घेतलेली, असे समीकरण अनेक प्रबंधांतून गृहीत धरलेले दिसते.

वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी आहेत. परंतु आनंद आणि कृतज्ञता म्हणजे परिस्थितीचा स्वीकार, हे दोघींनाही मान्य आहे. एकीला तो स्वीकार गौरवास्पद वाटतो, दुसरीला संशयास्पद. प्रस्तुत लेखात या समान गृहीतकालाच हरकत घ्यावयाची आहे. मावळी ओवीतील कृतज्ञता ही स्वीकाराची भाषा नाही. ती हिशेबाची भाषा आहे. कोणाचे उपकार आहेत आणि कोणाचे नाहीत, हे ती नेमकेपणाने ठरवते. आणि हे ठरवण्याचा अधिकार ती दळणारणीकडे ठेवते.

२

या विधानाच्या पुष्ट्यर्थ आधी भूमी आणि काम यांचा विचार करावा लागेल. आंद्रा नदी पुढे इंद्रायणीला मिळते. तिच्या खोऱ्याला आंदर मावळ म्हणतात. नाणे मावळ आणि पवन मावळ ही त्याची शेजारची भावंडे. टाकवे, वडेश्वर, कुसूर, खांडी, सावळा ही आंदर मावळातली गावे. त्यांच्या पलीकडे सह्याद्रीचा कडा आणि कोकणात उतरणारा कुसूर घाट. अतिपावसाचा हा प्रदेश भाताचा, नाचणीचा आणि वरईचा. येथे दळणाइतकेच कांडणही स्त्रीच्या वाट्याचे होते. चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, सुमारे ११२९ साली रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात असा उल्लेख येतो, तो कांडणाच्या संदर्भात, हे येथे आठवावे. ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) आधी दीडशेहून अधिक वर्षे ओवी स्त्रियांच्या श्रमाला जोडलेली होती. ग्रंथात ती नंतर गेली.

याच खोऱ्यात टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ठोकरवाडी येथे धरण बांधले, आणि १९२२ साली त्याच्या पाण्यावर घाटाखाली भिवपुरी येथे वीजनिर्मिती सुरू झाली. ही वीज मुंबईकडे गेली. खोऱ्यातल्या पाण्याने दूरच्या शहरातील यंत्रे फिरू लागली आणि खोऱ्यातले जाते त्यानंतरही कित्येक दशके हातानेच फिरत राहिले. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतील पुरुष पोटासाठी मुंबईला जात राहिले. तेथील डबेवाल्यांमध्ये त्यांची संख्या मोठी आहे. डबेवाल्यांच्या नित्यक्रमाचे व्यवस्थापनशास्त्राने जगभर कौतुक केले. त्यांच्यामागे गावी जो नित्यक्रम चालू होता त्याची नोंद घेणारे शास्त्र नव्हते. त्याची नोंद ओवीने ठेवली.

ती नोंद आज उपलब्ध आहे याचे श्रेय हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांना आहे. पुण्याच्या डोंगरी तालुक्यांतील शेतकरी-कष्टकऱ्यांबरोबर काम करताना १९८०च्या दशकात त्यांनी ओव्यांचे संकलन आरंभले. मुळशी आणि मावळ हा त्या कामाचा गाभा. पुढे ते महाराष्ट्रभर पसरले आणि हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. प्वातवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या, तरी संकलन टिकले. २०१७पासून ‘परी’ या संस्थेने त्यातील ओव्या ध्वनिमुद्रणांसह प्रकाशित करण्यास आरंभ केला. आंदर मावळाची ओवी म्हणून वेगळी चूल मांडण्याचे मात्र कारण नाही. मुली एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात दिल्या जातात आणि त्यांच्याबरोबर ओवीही सासरी येते. म्हणून येथे ‘मावळी ओवी’ हीच संज्ञा वापरली आहे.

३

या लेखात एकही ओवी उद्धृत केलेली नाही, याचे कारण पद्धतीचे आहे. वर उल्लेखिलेल्या दोन्ही साच्यांची उभारणी सुट्या ओवीवर झाली आहे. संग्रहातून एक ओवी उचलावी आणि स्त्री समाधानी असल्याचे सिद्ध करावे. दुसरी उचलावी आणि ती बंडखोर असल्याचे सिद्ध करावे. लाखभर ओव्यांत कोणत्याही मताला आधार सापडतो. येथे सुट्या पंक्तीऐवजी वारंवार येणारी आशयसूत्रे आणि त्यांचा दळणाच्या क्रमाशी असलेला संबंध विचारात घेतला आहे.

दळण हे सुरुवात आणि शेवट असलेले काम आहे. जाते झाडायचे, सुपात धान्य घ्यायचे, एका हाताने खुंटा ओढत दुसऱ्या हाताने घास घालायचा, आणि सूप रिकामे झाले की पीठ भरायचे. बहुधा दोघी समोरासमोर बसतात आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात. एक ओवी उचलते, दुसरी ती झेलते. ज्या चालीला या स्त्रिया ‘गळा’ म्हणतात तिच्यात शब्द ताणले जातात, ‘बाई’, ‘गं’ अशा संबोधनांची भर पडते आणि दोन ओळींची रचना जात्याच्या फेऱ्यांवर बसते. म्हणजे ओवीला पहिल्यापासूनच एक श्रोती असते आणि ती श्रोती त्याच श्रमाची वाटेकरीण असते. ओवीतील संबोधन हा अलंकार नाही. तो कामाच्या रचनेतून आलेला आहे.

या क्रमात आरंभाच्या ओव्यांना विशेष स्थान आहे. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला अशी मोजदाद करण्याची रीत सर्वपरिचित आहे. देव, पंढरीचा विठ्ठल, गावचे दैवत, आई, बाप, भाऊ असे नामनिर्देश क्रमाने येतात. अभ्यासक या मोजणीकडे मंगलाचरण म्हणून पाहतात आणि पुढे जातात. परंतु मोजणीत निवड असते. कोणाला पहिली ओवी द्यायची, कोणाला पाचवी, कोणाला द्यायचीच नाही, हे गाणारी ठरवते. घरात ज्या स्त्रीला कोणी काय खावे, किती खावे हे ठरवण्याचाही अधिकार नसतो, ती येथे मानाची वाटणी करते.

दुसरे आशयसूत्र जात्याला उद्देशून आहे. जाते हा ईश्वर आहे, तो डोंगरातून आलेला ऋषी आहे, त्याच्यापाशी आईपाशी सांगावे तसे मन उघड करावे, अशा आशयाच्या ओव्या मावळ-मुळशीत विपुल आहेत. काळ्या पाषाणाच्या या मुलखात जात्याचा दगड डोंगराचाच असतो, त्यामुळे ही कल्पना दूरान्वयाची वाटत नाही. तिसरे सूत्र दुधाचे. दळताना अंगातून घाम निथळतो, आणि दळणारी म्हणते की ही ताकद आईने पाजलेल्या दुधाची, बाळपणी चाटवलेल्या जायफळाची आहे. या सूत्राचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. दळण सासरच्यांसाठी आहे, पीठ सासरच्यांचे आहे, भाकरी सासरचे खाणार आहेत. परंतु हे काम ज्या शक्तीने होते तिचा उगम सासरी नाही. जी उठताबसता ‘आमचे खातेस’ असे ऐकते ती ओवीत शांतपणे नोंदवते की मी तुमच्या अन्नावर दळत नाही, माझ्या आईच्या दुधावर दळते. ही कृतज्ञता आहे यात शंका नाही, आणि ती आनंदाने उच्चारलेली आहे. परंतु तिला परिस्थितीचा स्वीकार म्हणणे अशक्य आहे.

४

कृतज्ञतेला हिशेब म्हटल्याने तिचे मोल कमी होते असे कोणाला वाटेल. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या देणगीविषयक निबंधात दाखवले की देणे, घेणे आणि परत देणे ही तीन बंधने मिळून समाजसंबंधांची वीण तयार होते. निर्हेतुक वाटणारी देणगीही या बंधनांबाहेर नसते. त्यापूर्वी १९०८ साली गेओर्ग झिमेल याने कृतज्ञतेला मानवजातीची नैतिक स्मृती म्हटले होते. पहिल्या देणगीत एक स्वेच्छा असते, ती कोणत्याही परतफेडीत येऊ शकत नाही, म्हणून काही ऋणे फिटतच नाहीत, असे त्याचे निरीक्षण आहे. आईच्या दुधाची ओवी या निरीक्षणाला अगदी जवळची आहे. ते ऋण फेडण्याची भाषा ओवी करत नाही. ते चालू दळणात रोज आठवते, एवढेच.

तथापि या विचाराचे देशी रूप अधिक उद्बोधक आहे. धर्मशास्त्राने मनुष्यावर देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. पहिले यज्ञाने, दुसरे अध्ययनाने, तिसरे पुत्रजन्माने फिटते. ही ऋणे द्विज पुरुषाची. वेदाध्ययनाचा अधिकार नसलेल्या शेतकरी स्त्रीला ऋषीचे ऋणको होण्याचीही मुभा नव्हती. तिने ओवीत स्वतःची ऋणांची यादी केली. देवांच्या बरोबरीने ग्रामदैवत आले, पितरांच्या जागी आई आली, आणि ऋषी म्हणून दगड आला. या ऋषीपाशी शिकायचे नसते, सांगायचे असते; त्याचे ऋण ऐकून घेतल्याचे असते. शास्त्राशी वाद घालण्याचा आव न आणता शास्त्राची चौकट वापरून तिच्यात वेगळी माणसे बसवण्याची ही कृती आहे. प्वातवँ आणि राईरकर यांनी ‘स्टोनमिल अँड भक्ती’ (१९९६) या ग्रंथात शेतकरी स्त्रियांची भक्ती आणि स्वामींचे तत्त्वज्ञान यांतील अंतर तपासले आहे. ते अंतर ऋणकल्पनेतही असेच दिसते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. मावळी ओवीत सासरचे कौतुकही आहे. सासऱ्याचा मोठा वाडा, नवऱ्याची ऐट, दिराचा मान यांचे वर्णन करणाऱ्या ओव्या थोड्या नाहीत. मग कृतज्ञता माहेराकडे आणि तक्रार सासराकडे, अशी वाटणी टिकत नाही. हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच येथे माहेर विरुद्ध सासर असा सिद्धांत मांडलेला नाही. नवऱ्याचे कौतुक करणारी ओवी आणि त्याच्या मारझोडीची ओवी एकाच गळ्यावर गायिली जाते. मुद्दा असा की कौतुक कोठेही आपोआप येत नाही. नाते आहे म्हणून उपकार आहेत, असे ओवी मानत नाही. भाऊ दिवाळीला आला, त्याने चोळी दिली, तर त्याचे नाव गाजते. भाऊ भावजयीच्या आहारी जाऊन बहिणीला विसरला, तर तेही ओवीत येते. जेथे खरोखर काही मिळाले तेथेच कृतज्ञता, हा तिचा नियम आहे.

५

आनंदाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण आनंद दिसतो पण त्याचे कारण चटकन सांगता येत नाही. दळणाच्या शेवटाच्या ओव्या या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. सूप रिकामे होत आले की दळण ‘सरले’ असे म्हणायचे, आणि लगेच ‘सरले’ कसे म्हणू असे विचारायचे. कारण सासरी आणि माहेरी धान्याच्या राशी भरलेल्या असोत, अशी इच्छा. ‘सरणे’ या क्रियापदात संपणे आहे, टंचाई आहे, मरणही आहे. कुंकू पुसले न म्हणता वाढवले म्हणणाऱ्या भाषेत हा शब्द टाळला जाणे नवल नाही. परंतु ओवी तो नुसता टाळत नाही. ती आधी उच्चारते, मग परतवते. दळण संपल्याची सुटका आणि धान्य संपू नये ही प्रार्थना यांतला ताण दोन ओळींत उघडा ठेवते. ज्या घरात पावसाळ्याच्या अखेरीस कणगी रिकामी होण्याची भीती दरवर्षीची असते, तेथे उद्याही दळायला मिळो ही इच्छा कष्टांची हौस नसते. उपास नको एवढाच तिचा अर्थ असतो.

हा आनंद जनाबाईच्या आनंदाहून वेगळा आहे. नामदेवांच्या घरी दळणाऱ्या जनाबाईच्या अभंगपरंपरेत विठ्ठल स्वतः दळू लागतो. काम तेच राहते, पण देवाच्या सोबतीने त्याचे रूप पालटते. ओवीत देव बहुधा खाली बसत नाही. जाते हाच देव असतो आणि खुंटा ओढण्याचे कष्ट दळणारणीलाच करावे लागतात. तिची सोबत समोरच्या बाईची. अभंगाचा आनंद चमत्काराचा आहे, ओवीचा आनंद जोडीचा आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेत हाच श्रम एका व्यक्तीच्या चिंतनाचा विषय होतो आणि तिला स्वतंत्र स्वाक्षरी मिळते. मावळी ओवीला अशी स्वाक्षरी नाही. तिचे कर्तृत्व ओवी उचलण्यात, जुन्या ओळीत आपल्या भावाचे नाव बसवण्यात आणि समोरचीने ती झेलण्यात आहे.

हा आनंद रचनेचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हात बांधलेले असताना तोंड मोकळे असते. कामाचा वेग दगड ठरवतो, पण त्या वेगावर काय बसवायचे हे गाणारी ठरवते. दळणात आनंद नव्हता, दळताना होता. हा भेद बारीक आहे, पण तो सुटला की समीक्षा उपदेशाच्या बाजूला कलते.

६

जेम्स स्कॉट यांनी १९९० साली मांडलेली ‘दडलेल्या संहिते’ची कल्पना अनेकांनी स्त्रीगीतांना लावली आहे. सत्ताधाऱ्यांसमोर बोलायची भाषा एक आणि त्यांच्या पाठीमागची दुसरी, असा तिचा आशय. मावळी ओवीला ही कल्पना अर्धीच लागू पडते. पहाटेच्या शांततेत जात्यावरचा आवाज घरभर ऐकू जातो. सासू जागी असते, पलीकडे नवरा असतो. ओवी पाठीमागे गायिली जात नाही. ती सर्वांच्या कानांवर पडेल अशीच गायिली जाते, फक्त ती कोणाला उद्देशून आहे हे वरवर दगडावर ढकललेले असते. अशा प्रसंगी आईच्या दुधाची कृतज्ञता ही ऐकणाऱ्या सासूला दिलेले उत्तर ठरते. तक्रार आणि आभार यांना येथे वेगळे करता येत नाही.

आपली संकलने मात्र ते वेगळे करतात. विषयवार वर्गीकरणात सासुरवास एका खणात जातो, भाऊ दुसऱ्या, जाते तिसऱ्या, पंढरी चौथ्या. एवढ्या मोठ्या सामग्रीला वर्गीकरणावाचून गत्यंतर नाही, आणि मुळशी-मावळच्या संग्राहकांनी गाणारीचे नाव, गाव आणि पुष्कळ ठिकाणी आवाजही जपून पुढच्या अभ्यासाची वाट खुली ठेवली आहे. परंतु एका पहाटेचा क्रम त्यात विखुरतो. एकाच दळणात पहिली ओवी देवाची, पंधरावी सवतीची आणि शेवटची राशीची असेल, तर त्या तिघींचा परस्परसंबंध हाच अर्थ असतो. पदव्युत्तर संशोधकांनी विषयानुसार ओव्या मोजण्याऐवजी ध्वनिमुद्रणांतून एकेका बैठकीचा क्रम लिहून काढला, आणि प्रत्येक ओवी कोणाला उद्देशून आहे याची नोंद केली, तर या शाखेत खरी भर पडेल.

७

पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्यांनी दळले त्यांना गिरणीने पहाटेची झोप दिली, खांदे आणि कंबर दिली. जुनी जाती आज बागांतून आणि हॉटेलांच्या अंगणांतून शोभेला मांडलेली दिसतात. त्यांच्याकडे पाहून ‘किती सुंदर ते दिवस’ म्हणणे सोपे आहे, कारण म्हणणाऱ्याने खुंटा ओढलेला नसतो.

दुसरीकडे नित्यक्रमात आनंद शोधावा, रोज कृतज्ञ असावे, रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात, असे सांगणारे साहित्य मराठीतही आता भरपूर छापले जाते. त्याची खिल्ली उडवण्याचे प्रयोजन नाही. थकलेल्या माणसाला त्यातून काही मिळत असेल तर ते त्याला मिळो. परंतु ओवीच्या शेजारी ठेवले असता या साहित्यातील उणीव लक्षात येते. त्यात कृतज्ञता आहे, पण ती कोणाविषयी हे पुष्कळदा सांगितलेले नसते. ‘आयुष्याविषयी’, ‘विश्वाविषयी’ अशी ती हवेत सोडलेली असते. सर्वांविषयी सारखेच कृतज्ञ राहण्याची सवय लागली की ज्याने दिले आणि ज्याने हिरावले त्यांत फरक उरत नाही, आणि हा फरक पुसला जाणे ज्यांच्या सोयीचे असते ते तो उपदेश आनंदाने करतात.

मावळातली दळणारीण हा फरक कधी पुसत नव्हती. तिची पहिली ओवी कोणाची, हे तिला माहीत होते. शेवटची कशासाठी, हेही. पीठ कोणाच्या घरात जाते आणि ताकद कोणाच्या घरातून आली, याचा हिशेब तिने दोन ओळींत चोख ठेवला आणि तो गाऊन दाखवला. ओवीतील आनंदाचे मोल करताना समीक्षेने हा हिशेबही बरोबर घेतला पाहिजे. तो सोडून घेतलेला आनंद तिचा राहत नाही, आपला होतो.